बराकीतून घरात आलेली शिस्त

१९०६ साली जर्मनीतल्या सारब्र्युकेन शहरात कोनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्याने कुत्र्यांना शिकवण्याचे काम हाती घेतले. चार वर्षांनी, १९१० मध्ये, त्याने त्या कामावर पुस्तक लिहिले. कुत्रा शिकवणे म्हणजे काय, याविषयीची युरोप-अमेरिकेतली समजूत पुढची कित्येक दशके बव्हंशी याच पुस्तकाच्या साच्यातून निघत राहिली. मोस्टचा कुत्रा पुरता वाढलेला, अंगात जोर असलेला आणि गुन्हेगारावर झेपावण्यासाठी निवडलेला असे. त्याला हाताळणारा माणूस एकच, शिकवण्याची मुदत थोडी, आणि साधने म्हणजे साखळी, आतून टोके असलेला पट्टा, चाबूक आणि काम नीट झाले की शाबासकी. आज एखादे जोडपे दोन महिन्यांचे पिल्लू घरी आणते. चटईवर शू केली म्हणून त्याचे नाक त्यात घासते, पायाला दात लावले म्हणून मानेला धरून खाली दाबते आणि ‘एकदा धाक बसला की सुधारेल’ अशी स्वतःची समजूत घालते. त्या धाकामागे बराक आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही. ही शिस्त कुत्र्याच्या स्वभावातून आलेली नाही. ती एका विशिष्ट नोकरीच्या गरजेतून आली, आणि दोन माणसे मिळून एक तान्हे जनावर वाढवतात त्या घरासाठी ती कधीच घडवलेली नव्हती. हे म्हणणे केवळ भूतदयेपोटी केलेले नाही. या विद्येचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहासच तसे सांगतो.

मोस्टवर अन्याय होता कामा नये. कुत्र्याला पाप-पुण्य कळत नाही, ‘मी चुकलो’ असे त्याला वाटत नाही, हे त्याने स्पष्ट मांडले. कृती आणि तिचे फळ यांत थोडा जरी वेळ गेला तरी जनावराला त्यांचा संबंध लागत नाही, हेही त्याने ओळखले. प्रयोगशाळेतल्या मानसशास्त्राने हेच पुढे सिद्ध केले. त्याची दृष्टी खरी होती, फक्त त्याच्यासमोरचे काम वेगळे होते. गफलत नंतर झाली. दोन महायुद्धांत सैन्याने हजारो कुत्रे शिकवून घेतले आणि युद्ध संपल्यावर ते शिकवणारे हात नागरी जीवनात आले. अमेरिकेत १९३३ साली हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाईंनी माउंट किस्को येथे घरगुती कुत्र्यांची आज्ञापालनाची पहिली चाचणी भरवली. तिथे पाळीव कुत्र्याकडून अपेक्षित असलेल्या गोष्टी, म्हणजे पायाशी चालणे, बसणे, जागा न सोडणे, या जवळजवळ कवायतीच्याच होत्या. लष्करी कुत्र्यांचा प्रशिक्षक राहिलेला आणि नंतर डिस्नेच्या चित्रपटांसाठी जनावरे तयार करणारा विल्यम कोहलर याने १९६२ मध्ये घरगुती मालकांसाठी पुस्तक लिहिले, आणि ते अमाप खपले. अंगणात खड्डा खणणाऱ्या कुत्र्यावर त्यात दिलेला उपाय असा: खड्डा पाण्याने भरायचा आणि कुत्र्याचे तोंड त्यात बुडवायचे. मोस्टकडे निदान वेळेचा नेम होता. घरापर्यंत पोचेतो नेम गळून पडला आणि धाक तेवढा उरला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ही पद्धत चालली तर खरी! कुत्रे बसले, थांबले, परत आले. आक्षेप खोटा नाही. पण ‘चालली’ म्हणजे काय, हे तपासायला हवे. २००४ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६४ मालकांना प्रश्न विचारले. बक्षिसावर शिकवलेले कुत्रे जास्त ऐकणारे निघाले, आणि शिक्षेचा वापर जिथे जास्त तिथे वागण्याच्या तक्रारीही जास्त निघाल्या. २०२० मध्ये पोर्तुगालमधल्या पोर्तो येथे ९२ कुत्र्यांची पाहणी झाली. शिक्षेवर भर देणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे अधिक दिसली आणि वर्गानंतर त्यांच्या लाळेतले कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरकही अधिक वाढलेले आढळले. यावर कुणी म्हणेल की मुळात दांडगे कुत्रेच शिक्षा खातात, मग तक्रारींचे खापर शिक्षेवर कसे फोडता? शंका रास्त आहे. अशा पाहण्यांतून कारण आणि परिणाम पूर्णपणे सुटे करता येत नाहीत. पण दांडगेपणाची ही सबब वाढलेल्या कुत्र्याबाबत काढता येते, आठ आठवड्यांच्या पिल्लाबाबत नाही. त्याचा अजून फारसा इतिहास नाही. त्याच्या अंगात पुढे जी भीती शिरेल ती बरीचशी आपण घातलेली असेल.

पिल्लू म्हणजे लहान आकाराचा कुत्रा नव्हे, ही गोष्ट विज्ञानाने पुराव्यानिशी मांडली ती अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तिथे पाच जातींच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्याच प्रयोगशाळेतला एक प्रयोग १९६१ साली छापून आला. उंच कुंपणाच्या मैदानात पिल्ले आईसोबत ठेवली आणि माणसाचा स्पर्श त्यांना होऊ दिला नाही. मग काहींना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात एकेक आठवडा माणसांत आणले. पाचव्या-सातव्या आठवड्यातली पिल्ले लवकर रुळली. चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांना माणूस भेटलाच नाही, ती रानटी जनावरासारखी बुजली आणि नंतरच्या प्रयत्नांनाही फारशी बधली नाहीत. जवळपास तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचे दार उघडे असते. या काळात जे दिसते, ऐकू येते, हाताला लागते, ते ‘आपले’ होते. पुढे ते दार हळूहळू लोटले जाते. मेंढपाळांना हे प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी माहीत होते. १८३३ साली आजच्या उरुग्वेच्या प्रदेशात फिरताना चार्ल्स डार्विनने पाहिलेली रीत त्याच्या प्रवासवर्णनात आहे. राखणीचे पिल्लू अगदी कोवळेपणी आईपासून तोडत, दिवसातून तीन-चार वेळा मेंढीला धरून तिचे दूध त्याला पाजत, मेंढरांच्या आवारातच लोकरीचे अंथरूण करून त्याला ठेवत आणि इतर कुत्र्यांत मिसळू देत नसत. असा कुत्रा मोठेपणी कळप सोडून जात नसे. त्याला कुणी मारून राखण शिकवली नव्हती. योग्य वयात तो योग्य संगतीत वाढला, एवढेच. आपल्याकडे धनगरांच्या वाड्यावर मेंढरांच्या पायांत वाढणारे पिल्लूही याच वाटेने राखणदार होते.

या ज्ञानाची खरी कसोटी लागली ती अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांच्या कामात. कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेल येथील संस्थेत क्लॅरेन्स फाफेनबर्गर हा गृहस्थ स्कॉट यांच्या सल्ल्याने पिल्लांच्या चाचण्या घेत असे. बाराव्या आठवड्याला चाचण्या संपत आणि पिल्ले स्वयंसेवक कुटुंबांत वाढायला जात. चाचणी संपल्यावर आठवड्याच्या आत घरी गेलेल्या पिल्लांपैकी सुमारे ९० टक्के पुढे वाटाड्या झाली. ज्यांना तीन आठवड्यांहून जास्त पिंजऱ्यातच थांबावे लागले, त्यांच्यातली जेमतेम ३० टक्के. वंश तोच, चाचणी तीच, पुढचे शिक्षकही तेच. फरक एवढाच की मधले काही आठवडे घर मिळाले नाही. पायऱ्या, भांड्यांचा आवाज, दारावरची घंटा, मुलांचा गोंगाट यांतून पिल्लू जे शिकते ते राहून गेले, तर पुढे शिक्षकाला भरून काढणे फार अवघड जाते. वाटाड्या कुत्र्यांच्या या कामाने बराकीचा आणखी एक नियम मोडीत निघतो. कुत्र्याला मालक एकच हवा, दोघांच्या हाताखाली तो बिघडतो, असे अजूनही सांगितले जाते. पण वाटाड्या कुत्रा आधी एका कुटुंबात वाढतो, मग शिक्षकाकडे जातो, शेवटी अंध व्यक्तीच्या हाती येतो. तीन ठिकाणची माणसे त्याची होतात, आणि तरीही त्याच्या भरवशावर माणूस भर रहदारीचा रस्ता ओलांडतो.

मग दोघांच्या घरात बिनसते कुठे? याचे उत्तर योगायोगाने एका जोडप्याच्याच कामातून उलगडू लागते. केलर आणि मेरियन ब्रेलँड हे नवरा-बायको मिनेसोटात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी. दुसऱ्या महायुद्धात कबुतरांकडून क्षेपणास्त्राची दिशा साधण्याच्या स्किनर यांच्या प्रकल्पावर दोघांनी काम केले आणि पुढे विद्यापीठ सोडून शेतावर जनावरे शिकवण्याचा स्वतःचा धंदा काढला. नंतर तो आर्कान्साच्या हॉट स्प्रिंग्ज गावी गेला. कोंबड्या, डुकरे, ससे, बदके, कुत्रे, पुढे डॉल्फिनसुद्धा, सगळे मारझोडीशिवाय. नेमकी कृती घडताच ठरलेला आवाज आणि लगेच खाऊ, एवढ्यावर त्यांचे काम चाले. आज क्लिकर म्हणून ओळखले जाणारे तंत्र ते हेच. स्किनर यांनी १९५१ मध्ये एका मासिकातील लेखात घरी कुत्रा शिकवायला हीच युक्ती सुचवली होती. तरीही कुत्र्यांच्या जगात ती रुजायला पुढे चाळीस वर्षे लागली, कारण तिथे मान लष्करी हातांना होता. ब्रेलँड दांपत्याचा प्रामाणिकपणा १९६१ च्या त्यांच्या लेखात दिसतो. रॅकून नाणी पेटीत टाकण्याऐवजी हातांत चोळत बसतो, डुक्कर लाकडी नाणे वाटेतच नाकाने उकरत बसते, हे आपले अपयश त्यांनी उघडपणे मांडले. जनावराचा जातिस्वभाव खाऊने पुसता येत नाही, हे त्यातून कळले. दात येणारे पिल्लू चावणारच. चावणे बंद करायचे नसते, त्याला चप्पल सोडून दुसरे काहीतरी द्यायचे असते.

दोघांच्या घराला लागू पडणारा सगळ्यांत मोलाचा शोध मात्र चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांच्या १९५७ च्या ग्रंथात आहे. दर वेळी बक्षीस मिळणारी सवय बक्षीस थांबले की लवकर सुटते. कधी मिळते, कधी नाही अशी जी सवय, ती सर्वांत चिवट. आता जेवणाची वेळ डोळ्यांसमोर आणा. पिल्लू पाटाशी येऊन कुंई कुंई करते. एकजण ‘हाड’ म्हणतो, दुसऱ्याला कणव येऊन तो पोळीचा तुकडा टाकतो. उद्या दोघेही देत नाहीत, परवा एकजण देतो. दोघांना वाटते आपण मध्यम मार्ग काढला. प्रत्यक्षात त्यांनी मागण्याची सवय जास्तीत जास्त पक्की करण्याची कृती तंतोतंत पाळलेली असते. यात पिल्लाचा हट्ट नाही, लबाडीही नाही. कडक माणसाला वाटते दुसरा लाडावतो, मऊ माणसाला वाटते पहिला निष्ठुर आहे, आणि भांडणात दोघेही पिल्लाचा स्वभाव तपासत बसतात. तपासायला हवी ती दोघांतली तफावत. खाऊने कुत्रा लोभी होतो हा आक्षेपही इथेच सुटतो. लोभ खाऊने वाढत नाही, खाऊ कशासाठी मिळाला हे न कळल्याने वाढतो.

धाकाच्या बाजूने शेवटचा दाखला लांडग्याचा दिला जातो. कळपाचा एक सरदार असतो, तो बाकीच्यांना दाबतो, म्हणून घरात माणसाने सरदार व्हावे. याचे मूळ १९४७ सालच्या रुडॉल्फ शेंकेल यांच्या निरीक्षणांत आहे, आणि ते लांडगे बाझेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या पुस्तकात ही कल्पना पुढे नेली. १९७८ मध्ये न्यू स्कीटच्या ख्रिस्ती मठवासीयांच्या गाजलेल्या पुस्तकाने कुत्र्याला पाठीवर लोळवून दाबण्याची शिक्षा घरोघरी पोचवली. पण मेक तिथेच थांबले नाहीत. उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समेर बेटावर त्यांनी अनेक उन्हाळे मोकळ्या लांडग्यांजवळ काढले आणि १९९९ मध्ये स्वच्छ लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब, एक जोडपे आणि त्यांची पोरे. आईबाप पुढे असतात ते आईबाप असल्यामुळे, कुणाला हरवून नव्हे. मठवासीयांनीही २००२ च्या सुधारित आवृत्तीत लोळवण्याचा सल्ला मागे घेतला. लांडग्याकडून काही घ्यायचेच असेल, तर दोघांनी मिळून पिल्ले वाढवण्याची ही रीत घ्यावी.

राहता राहिला आपल्याकडचा आक्षेप: आजोबांच्या वेळी दारच्या कुत्र्याला कुणी काय शिकवले होते? वरवर बरोबर आहे. पण गल्लीत, वाडीवर, गावठाणात जन्मलेले पिल्लू पहिल्या तीन महिन्यांत बैलगाडी, शाळेची पोरे, म्हातारी माणसे, कोंबड्या, मिरवणुकीचे ताशे, सारे पाहत वाढे. बार हार्बरला जे प्रयोगाने कळले, ते त्याला गल्ली आपसूक देत होती. तेच गावठी पिल्लू दत्तक घेऊन सातव्या मजल्यावरच्या सदनिकेत नेले की गल्ली तुटते आणि तिचे काम दोन माणसांवर येते. लस पूर्ण होईतो बाहेर काढू नका, हा डॉक्टरांचा सल्लाही खरा आहे, कारण १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो हा रोग पिल्लांचा जीव घेतो. पण बाहेर उतरवायचे नाही म्हणजे जग दाखवायचे नाही, असे नव्हे. कडेवर घेऊन जिन्यात, फाटकाशी, भाजीवाल्याच्या गाडीपर्यंत नेता येते. घरी येणाऱ्या पाहुण्याच्या हातून खाऊ देता येतो. कुकरची शिट्टी आणि मिक्सरचा आवाज लांबून, हळूहळू ओळखीचा करता येतो. हे आठवडे मोजके असतात आणि परत येत नाहीत.

म्हणून पिल्लू आणायला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी कागद घेऊन बसावे. ‘बस’ म्हणायचे की ‘सिट’, पलंगावर घ्यायचे की नाही, ताटातले द्यायचे की नाही, रात्री रडले तर कुणी उठायचे, हे ठरवून लिहावे आणि तो कागद फ्रिजवर लावावा. घरात आई, सासरे, कामाला येणाऱ्या मावशी असतील तर त्यांनाही तो वाचून दाखवावा.