पांबनचा पूल आणि ६५३ क्रमांकाची गाडी

मदुराईहून रामेश्वरमला जाणारी पॅसेंजर गाडी मानामदुराई, परमकुडी, रामनाथपुरम अशी स्थानके घेत मंडपमला पोहोचते, तेव्हा डब्यात झोपलेली माणसेही उठून खिडकीशी येतात. तोवरचा प्रदेश कोरडा, वेड्या बाभळींनी भरलेला असतो. मंडपम सुटले की जमीन संपते आणि गाडी समुद्रावरून चालू लागते. दोन्ही बाजूंना निळे-हिरवे पाणी आणि त्यावर मच्छीमारांच्या होड्या. दोन किलोमीटरांहून थोड्या अधिक लांबीचा हा प्रवास संपतो तोच पांबन बेटावरची माडांची झाडे दिसू लागतात.

हा प्रवास मी दोनदा केला. पहिल्यांदा नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, जुन्या पुलावरून मीटर गेजच्या गाडीने. दुसऱ्यांदा ६ एप्रिल २०२५ रोजी नवा पूल खुला झाल्यानंतर. दोन्ही वेळी काशी-रामेश्वराची यात्रा पुरी करणारी मराठी मंडळी डब्यात भेटली. गंगेचे पाणी रामेश्वराला वाहावे आणि सेतूची वाळू गंगेत सोडावी, ही आपल्याकडील जुनी रीत. त्यामुळे हे दूरचे टोक मराठी माणसाला तसे परके नाही.

पूल मात्र यात्रेकरूंसाठी बांधला गेला नाही. तो व्यापारासाठी आणि मजुरांच्या वाहतुकीसाठी बांधला गेला. सिलोनच्या चहामळ्यांना तमिळ जिल्ह्यांतील मजूर हवे होते आणि मद्रास-कोलंबो वाहतुकीला जवळचा मार्ग हवा होता. थेट सिलोनपर्यंत रूळ नेण्याचा विचार झाला. पण तो खर्च झेपणारा नव्हता. म्हणून तडजोड अशी निघाली की, पूल बांधून गाडी बेटाच्या टोकाशी असलेल्या धनुष्कोडीपर्यंत न्यावी आणि पुढे तलैमन्नारपर्यंत आगबोटीने जावे. साउथ इंडियन रेल्वे कंपनीने १९११ मध्ये काम सुरू केले आणि २४ फेब्रुवारी १९१४ रोजी १४५ गाळ्यांचा पूल वाहतुकीस खुला झाला. जहाजांना वाट देण्यासाठी मध्यभागी शेर्झर पद्धतीचा उघडता गाळा होता आणि माणसे तो हातांनी उघडत. धनुष्कोडीला रेल्वे स्थानक, टपाल कचेरी, सीमाशुल्क कचेरी, शाळा, चर्च असे एक लहानसे समुद्रकाठचे गाव उभे राहिले. मद्रासहून निघणारी ‘बोट मेल’ तेथे येऊन थांबे.

२२ डिसेंबर १९६४ रोजी एक तीव्र चक्रीवादळ सिलोनचा उत्तर भाग ओलांडून या सामुद्रधुनीकडे आले. त्या रात्री बारा वाजण्याच्या सुमारास पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर, क्रमांक ६५३, पांबनहून निघाली. धनुष्कोडी काहीशे यार्डांवर असताना समुद्राच्या लाटेने ती सबंध गाडी गिळली. बहुतेक वृत्तांतांत ११० प्रवासी आणि ५ रेल्वे कर्मचारी असा आकडा येतो. विनातिकीट प्रवासी त्यात धरलेले नाहीत. कोणीही वाचले नाही. गाडी पुलावरून समुद्रात पडली, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. पांबन स्थानक बेटावर आहे, म्हणजे पूल त्या गाडीच्या मार्गात नव्हताच. त्याच रात्री पुलाचे बहुतेक गर्डर वाहून गेले, ती वेगळी हानी. उघडता गाळा तेवढा शाबूत राहिला. धनुष्कोडी गाव उद्ध्वस्त झाले आणि पुढे मद्रास सरकारने ते वस्तीस अयोग्य ठरवले.

यानंतरची कथा प्रशासनात सर्वांना पाठ आहे. पुलाच्या दुरुस्तीला रेल्वेने सहा महिन्यांची मुदत आखली होती. दक्षिण रेल्वेच्या महाव्यवस्थापकांनी ती तीन महिन्यांवर आणली. ३२ वर्षांचे अभियंते ई. श्रीधरन यांच्यावर काम सोपवण्यात आले. समुद्रात पडलेले गर्डर शोधून, वर काढून ते पुन्हा बसवण्यात आले आणि पूल ४६ दिवसांत उभा राहिला. हेच श्रीधरन पुढे कोकण रेल्वे आणि दिल्ली मेट्रोमुळे घराघरांत माहीत झाले. माझ्या प्रशिक्षणकाळात एका व्याख्यात्याने हे ४६ दिवस आम्हाला इतक्या तन्मयतेने सांगितले होते की आमच्यापैकी काहींनी तो आकडा वहीत अधोरेखित केला होता. ६५३ क्रमांकाच्या गाडीचा उल्लेख त्या तासात झाला नाही. मीही विचारले नाही, कारण मला तेव्हा ती ठाऊकच नव्हती.

त्या गाडीविषयी जे सांगितले जाते तेही तपासून पाहण्यासारखे आहे. सिग्नल मिळाला नाही, ड्रायव्हर काही वेळ थांबला, मग लांब शिटी वाजवून त्याने धोका पत्करला आणि गाडी पुढे नेली, असा वृत्तांत सर्वत्र आढळतो. तसे घडलेही असेल. पण गाडीतील एकही माणूस जिवंत राहिला नसताना ड्रायव्हरच्या मनातील निर्णय आपल्याला इतक्या खात्रीने कसा कळला? या वृत्तांताने एक सोय मात्र होते. निर्णयाचे ओझे अशा माणसावर पडते जो खुलासा देऊ शकत नाही. खरा प्रश्न पांबनच्या फलाटावरचा आहे. सिलोनवरून वादळ येत असता त्या रात्री गाडी सोडायची नाही, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला होता? आणि तो वापरणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे राहिले असते?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक विषमता दिसते. गाडी रद्द केली की त्याची किंमत लगेच दिसते: तक्रारी येतात, महसूल बुडतो, वरून विचारणा होते. टळलेला अपघात मात्र कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. वादळ शेवटच्या क्षणी वळले असते तर गाडी रोखणारा स्टेशन मास्तर भित्रा ठरला असता. ‘थांबा’ म्हणण्याचे श्रेय कधीच मिळत नाही. पूल पुन्हा उभारण्याचे श्रेय मिळते. म्हणून आपल्याकडे दुरुस्तीचे नायक अनेक आहेत आणि सावधगिरीचे फारच थोडे.

यावर उपाय एकच. थांबण्याचा निर्णय एकट्या माणसाच्या धैर्यावर सोडायचा नाही, तो नियमाचा भाग करायचा. पांबन पुलावर वाऱ्याचा वेग ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की सिग्नल लाल होतो. तेथे कोणालाही शूर अथवा भित्रे ठरावे लागत नाही. रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात, त्यामागेही हाच विचार आहे. नव्या पुलाची पाहणी करून नोव्हेंबर २०२४ मध्ये आयुक्तांनी काही उणिवा लेखी दाखवल्या, तेव्हा अनेकांना तो कामात खोडा वाटला. मला ते १९६४ चे उशिरा दिलेले उत्तर वाटले. ओडिशानेही हाच धडा गिरवला. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे गेली; २०१३ च्या ‘फायलिन’च्या वेळी लाखो लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या काही दहांवर राहिली. त्या ‘न मेलेल्या’ माणसांचा कोठेही पुतळा नाही.

रामेश्वरमहून धनुष्कोडीच्या टोकापर्यंत २०१७ पासून पक्की सडक आहे. त्या सडकेने गेलो. चर्चच्या भिंती, स्थानकाचे काही अवशेष, वाळू, शंख-शिंपल्यांची दुकाने आणि थोडी मच्छीमारांची घरे. एक पर्यटक कुटुंब पडक्या भिंतीसमोर छायाचित्र काढत होते. त्यांच्यातील लहान मुलाने विचारले, “बाबा, इथली गाडी कुठे गेली?” वडील म्हणाले, “वादळात वाहून गेली.” मुलाचा पुढचा प्रश्न लगेच आला, “मग तिला सोडली कशाला?”

साठ वर्षांनंतरही प्रश्न तोच आहे. आमच्या प्रशिक्षणवर्गांत ४६ दिवस अवश्य शिकवावेत. पण त्याआधी एक तास त्या मुलाच्या प्रश्नासाठी ठेवावा.