खोलीतले मांजर आणि चांदीचे कण

भर दुपारी अंगणात पडणारा सूर्यप्रकाश मोजला तर तो सुमारे १ लाख लक्स भरतो. रात्री दिवा लावलेल्या खोलीत हाच आकडा १०० लक्सच्या आसपास असतो. फरक हजारपटीचा आहे, पण आपल्याला तो तेवढा जाणवत नाही. कारण डोळा आपली संवेदनक्षमता उजेडाप्रमाणे बदलून घेतो. फिल्मला हे जमत नाही. म्हणूनच घरात फोटो काढताना माणसांना ‘हलू नका’ असे बजावावे लागे. मांजराला ते सांगून उपयोग नसतो. त्यामुळे छायाचित्रणाचा इतिहास पाळीव प्राण्यांच्या बाजूने वाचला, तर कोणत्या काळात नेमके काय कमी पडत होते ते फार स्पष्ट दिसते.

१८३९ साली दागेरची पद्धत जाहीर झाली तेव्हा उन्हातल्या दृश्यालाही कित्येक मिनिटे लागत. पुढच्या काही वर्षांत हा वेळ सेकंदांवर आला. तरीही माणसाची मान स्थिर राहावी म्हणून तिच्यामागे लोखंडी आधार लावत असत. त्या काळच्या चित्रांत मालक ठसठशीत उमटलेला आणि मांडीवरच्या कुत्र्याच्या डोक्याच्या जागी नुसता धूसर ढग, असे पुष्कळदा दिसते. झोपलेले कुत्रे मात्र छान येई!

इंग्लंडमधल्या ब्रायटन गावी हॅरी पॉइंटर या छायाचित्रकाराने १८७० च्या दशकात मांजरांच्या छायाचित्रांची मालिकाच काढली. १८८४ पर्यंत त्यांची संख्या २०० च्या घरात गेली होती. या चित्रांना आपण घरातली म्हणू. पण त्या काळचे स्टुडिओ म्हणजे काचेच्या छताच्या खोल्या. आकाशाचा उजेड आत घेतल्याशिवाय काम होत नसे. अमेरिकेतल्या हॅरी व्हिटियर फ्रीस यांनी १९१० च्या दशकात मांजराच्या पिलांना झबली-टोपडी घालून चित्रे काढली. त्यांना सुमारे १/५ सेकंद लागे आणि बऱ्याच काचा वाया जात. त्या ताठ कपड्यांकडे मुले कौतुकाने पाहतात. मला मात्र त्यात मानेमागच्या लोखंडी आधाराचाच धाकटा भाऊ दिसतो.

उजेड कमी पडतो तर तो निर्माण करावा, हा एक मार्ग. १८८७ साली जर्मनीत मीटे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड यांचे मिश्रण पेटवून लख्ख प्रकाश मिळवला. सोबत आवाज, धूर आणि आगीचा धोकाही. पहिल्या चित्रानंतर मांजर त्या खोलीत थांबत असेल असे वाटत नाही. १९२९ च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियमची चमकी आणि ऑक्सिजन काचेच्या गोळ्यात बंद करून बनवलेले फ्लॅशचे बल्ब बाजारात आले आणि धूर गेला. १९३१ पासून एमआयटीमध्ये हॅरोल्ड एजर्टन यांनी विजेच्या फ्लॅशवर काम केले. त्यात प्रकाश इतका थोडा वेळ असतो की मांजर स्थिर असण्याची गरजच उरत नाही. १९४८ साली फिलिप हाल्समन यांनी चित्रकार साल्वादोर दाली, उडणारे पाणी आणि हवेत फेकलेली तीन मांजरे एकाच चित्रात पकडली. त्यासाठी ती मांजरे पंचवीसहून अधिक वेळा फेकली गेली. चित्र विलक्षण आहे; मांजरांचे मत कोणी विचारले नाही.

दुसरा मार्ग भिंगाचा. १९२४ साली ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीने एर्मानॉक्स हा एफ/२ भिंगाचा कॅमेरा आणला. असल्या भिंगाच्या जोरावर एरिश सालोमन यांनी फ्लॅश न वापरता न्यायालये आणि राजकीय परिषदा टिपल्या. पण भिंगाचे छिद्र मोठे केले की स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली कमी होते. जवळून काढलेल्या मांजराचे डोळे नेमके येतात, नाक आणि कान पुसट होतात.

उरला तिसरा मार्ग, फिल्मचा. विज्ञानाच्या दृष्टीने खरी गंमत इथे आहे.

फिल्मवर जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. प्रकाशकण पडला की स्फटिकात एक इलेक्ट्रॉन सुटतो, चांदीच्या आयनाला मिळतो आणि चांदीचा एक अणू तयार होतो. गर्नी आणि मॉट यांनी १९३८ मध्ये ही क्रिया उलगडून दाखवली. असे साधारण चार अणू एका जागी जमले की डेव्हलपर तो अख्खा स्फटिक चांदीत बदलतो. स्फटिक लहान असो वा मोठा, अणू जवळपास तेवढेच लागतात. मोठ्या स्फटिकावर प्रकाशकण पडण्याचा संभव मात्र जास्त. म्हणजे संवेदनक्षम फिल्म हवी तर स्फटिक मोठे हवेत आणि ते मोठे झाले की चित्र दाणेदार होणार. १८७८ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी जिलेटिनचे मिश्रण काही दिवस सुमारे ३२ अंश सेल्सिअसला ठेवून कितीतरी जलद काचा बनवल्या. त्या उबेत स्फटिक वाढत होते. १९५४ साली ३५ मिलिमीटरमध्ये आलेली ‘ट्राय-एक्स’ आणि १९८८ ची ‘टी-मॅक्स पी३२००’ याच वाटेवरच्या. घरच्या दिव्यात, एफ/२ भिंगाने, ४०० संवेदनक्षमतेच्या फिल्मला सुमारे १/३० सेकंद लागतो. बसलेले मांजर तेवढ्यात येते, अंग चाटणारी जीभ येत नाही. ३२०० ला हाच वेळ १/२५० होतो, पण मिशांभोवती रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात.

आपल्याकडे अनेक घरांत ‘अ‍ॅग्फा क्लिक थ्री’ हा साधा कॅमेरा असे. त्याचे छिद्र साधारण एफ/९. १०० संवेदनक्षमतेच्या फिल्मवर खोलीतले मांजर टिपायला त्याला अडीच सेकंद लागले असते. शटर मात्र सेकंदाच्या लहानशा अंशात मिटे. जुन्या अल्बममधली मांजरे ओट्यावर किंवा अंगणातच का असतात, याचे उत्तर या भागाकारात आहे. आठवी-नववीच्या मुलांना तो करायला द्यावा.

शिवाय ते अडीच सेकंदही पुरले नसते. चांदीचा एकटा अणू टिकाऊ नसतो. दुसरा येईपर्यंत फार वेळ गेला तर तो पुन्हा विस्कटतो आणि आधीचा प्रकाशकण फुकट जातो. मंद उजेडात असे वारंवार घडते, म्हणून दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट परिणाम मिळत नाही. खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्त्सशिल्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंधुक ताऱ्यांची छायाचित्रे मोजताना याचा नियम मांडला. अंधुक तारा आणि कोनाड्यातले मांजर, फिल्मच्या लेखी प्रश्न एकच.

आता कॅमेऱ्यासमोर बसलेल्या प्राण्याकडे पाहा. मांजराच्या पूर्ण उघडलेल्या डोळ्याचे छिद्र भिंगाच्या भाषेत एफ/१ च्या आसपास भरते. त्याच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा एक थर असतो. पहिल्या फेरीत निसटलेला प्रकाश तो परत फिरवतो आणि पेशींना दुसरी संधी देतो. त्यामुळे आपल्याला लागणाऱ्या उजेडाच्या सुमारे सहाव्या हिश्शात मांजराला दिसते. फिल्म बनवणाऱ्यांनी नेमके उलट केले आहे. फिल्मच्या पाठीवर ते प्रकाश शोषणारा थर देतात, कारण परत फिरलेला प्रकाश थोडा पसरतो आणि दिव्यांभोवती वलये उमटतात. मांजराने हे पसरणे पत्करले. बारकावे पाहण्यात ते आपल्यापेक्षा बरेच मागे आहे, त्यात या थराचाही वाटा आहे. फ्लॅशच्या चित्रात मांजराचे डोळे हिरवे चमकतात तो या आरशावरून परतलेला प्रकाश. निळ्या डोळ्यांच्या सयामी मांजरात हा थर पुष्कळदा नीट नसतो, आणि त्याचे डोळे आपल्यासारखे तांबडे येतात.