सापाचा न्यूमोनिया आणि विषाणूचा माग

सापाला श्वासपटल नसते आणि माणसासारखे खोकताही येत नाही. त्यामुळे फुप्फुसात साचलेला स्राव बाहेर टाकणे त्याला अवघड जाते. तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, डोके वर धरून राहणे, तोंडात चिकट स्राव दिसणे ही आजाराची लक्षणे सर्पपालकांना फार पूर्वीपासून परिचित होती. दोष बहुधा गारठ्याला आणि जिवाणूंना दिला जाई.

१९७२ मध्ये स्वित्झर्लंडमधील एका सर्पपालन केंद्रात फेर-द-लान्स या विषारी सापांमध्ये श्वसनविकाराची जीवघेणी साथ पसरली. त्यांच्यापासून पॅरामिक्सोव्हायरस कुळातील विषाणू वेगळा करण्यात आला. आज त्या गटाला ‘फेरलाव्हायरस’ म्हणतात. अजगरांतील न्यूमोनियाचे कोडे मात्र कायम राहिले. २०१४ मध्ये जनुकीय क्रमवाचनातून आजारी बॉल पायथनमध्ये एक नवा निडोव्हायरस आढळला. पण आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. २०१८ मध्ये बॉल पायथनना प्रयोगशाळेत या विषाणूची लागण करण्यात आली आणि तोच श्वसनविकार उद्भवला, तेव्हा कार्यकारणसंबंध प्रस्थापित झाला.

प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. त्यांचा उपयोग सोबतच्या जिवाणूसंसर्गापुरता. म्हणून नव्या सापाचे विलगीकरण, योग्य तापमान आणि पशुवैद्यकाकडून स्रावाची तपासणी यांना महत्त्व आहे.

भारतीय अजगर पाळणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या विदेशी प्रजातींची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने आवश्यक ठरली. नोंद नसलेला साप आजारी पडला, तर पालक पशुवैद्यकाकडे जाण्यास कचरतो. तोवर शेजारच्या पेटीतील सापालाही लागण झालेली असू शकते.