मशेरी, खर्रा आणि हिरड्या

मुंबईहून नागपूरला जाताना बडनेऱ्याच्या पुढे धामणगाव रेल्वे लागतं. आमच्या या पट्ट्यात पानठेला म्हटलं की पन्नीत घोटलेला खर्रा आलाच. सुपारी, तंबाखू, चुना! पण तंबाखू हिरड्यांपर्यंत पोचली ती खर्र्याच्या कितीतरी आधी, औषध म्हणून. महाराष्ट्रात घरोघरी बायका तंबाखू भाजून मशेरी करत आणि तिनेच दात घासत. का? तर दात मजबूत होतात म्हणे!

१९७२ साली डॉ. फली मेहता, डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासून केलेला अभ्यास छापला. कॅन्सरच्या आधी येणारे पांढरे चट्टे बहुतेक तंबाखूवाल्यांतच! तरी तंबाखूच्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर देशात बंदी यायला १९९२ उजाडलं. घरच्या मशेरीला कोण बंदी घालणार?

२००८ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त ४८,३७५ अमेरिकन पुरुषांचा अभ्यास आला. हिरड्यांचा आजार असलेल्यांत कॅन्सर सुमारे १४ टक्के जास्त, तेही धूम्रपानाचा हिशोब वेगळा काढून. आता आपण आयटीवाले जाणतोच, दोन एरर एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी आली असं नसतं. हिरड्यांमुळेच कॅन्सर होतो, हे त्यातून सिद्ध होत नाही.

तंबाखूचं मात्र तसं नाही. तिथे कारण पक्कं ठाऊक आहे. म्हणून ‘काही नाही होत बे’ म्हणणाऱ्या मित्राला एवढंच सांगा: हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा तोंडातला फोड दोन आठवड्यांत बरा होत नसेल, तर पानठेला नाही, डेंटिस्ट गाठ.