कुत-अल-अमाराचा वेढा आणि न कोरलेली नावे

शाळेत पहिले महायुद्ध शिकवताना सगळा तास युरोपातच संपतो. इराकचा मोर्चा राहूनच जातो. तिथे लढलेल्या फौजेचे नाव मात्र '६वी पूना डिव्हिजन' होते. तिच्यातल्या १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींत मराठ्यांबरोबर दख्खनी मुसलमानही भरती होते.

या शिपायांची अडचण वेगळी होती. समोर तुर्कांची म्हणजे खलिफाची फौज. नोव्हेंबर १९१४ मध्येच तिकडून जिहादचा पुकारा झालेला. पुढच्या नोव्हेंबरात बगदादजवळ मोठी लढाई झाली, ती जागा सलमान पाक. इथे हजरत सलमान फारसी (रजि.) यांची मजार आहे. मुसलमान शिपाई बिचकतील म्हणून जनरल टाऊनशेंडने 'टेसिफॉन' हे जुनेच नाव वापरायला लावले. नाव बदलले, जागा तीच राहिली!

माघार घेऊन फौज कुत गावात शिरली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस अडकली. रसद संपली, घोडे कापले गेले. हिंदू-मुसलमान दोघांनीही ते मांस नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी आणवली, तरी कित्येक जण बरेच दिवस उपाशीच राहिले. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार माणसे कैद झाली. वाळवंटातून चालवत नेताना आणि कैदेत हजारो दगावली.

आता आठवणीचे बघा. इराक मोर्चावर मेलेल्या, पण कबर माहीत नसलेल्या ४० हजारांहून जास्त जणांसाठी १९२९ मध्ये बसरा स्मारक झाले. गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली. हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदुस्थानी शिपायांचा मात्र पलटणीनुसार फक्त आकडा! राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाने २०२१ मध्ये अशा भेदभावाची जाहीर कबुली दिली.

आपल्याकडेही तेच. पुणे-सातारा भागात काही गावांच्या चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते. गावातून किती गेले, किती मेले, एवढेच तिच्यावर असते. भांडगाव, यवत, दौंड, शिरूरकडच्या लोकांनी आपापली जुनी चावडी एकदा बघून घ्यावी.

घरात कुणी 'पणजोबा बसऱ्याला गेले होते' म्हणत असेल तर आयोगाच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते, फुकट. नोंदीत काही वेळा बापाचे नाव आणि गाव, जिल्हाही असतो. स्पेलिंग मात्र इंग्रज कारकुनाच्या कानाप्रमाणे आहे, म्हणून 'शेख' तीन-चार तऱ्हेने लिहून बघा.