कबड्डी लिलावातील खेळाडूंचे स्थाननिहाय मूल्यमापन

कबड्डी लिलावातील स्थाननिहाय मूल्यमापन म्हणजे करारमुक्त खेळाडूची किंमत ठरवताना त्याच्या एकूण गुणांऐवजी मैदानावरील त्याच्या स्थानाचा, त्या स्थानावरील कामगिरीचा आणि संघाच्या गरजेचा विचार करण्याची पद्धत होय. भारतात या पद्धतीला महत्त्व आले ते २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे. खऱ्या सामन्यांतील कामगिरीवर आधारित आभासी (फँटसी) कबड्डीतही तिचा वापर होतो.

पार्श्वभूमी

करार संपल्यावर कोणत्याही संघाशी बोलणी करण्यास मोकळा असलेला ‘मुक्त खेळाडू’ ही संकल्पना प्रामुख्याने अमेरिकी व्यावसायिक खेळांत रुजली. बास्केटबॉलमध्ये ऑस्कर रॉबर्टसन या खेळाडूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १९७६ साली तडजोड झाली आणि खेळाडूंना संघ बदलण्याची वाट खुली झाली. तेथे गार्ड, फॉरवर्ड व सेंटर या स्थानांनुसार मुक्त खेळाडूंची तुलना केली जाते.

प्रो कबड्डी लीगमध्ये संघ काही खेळाडूंना कायम राखतात आणि उरलेले लिलावात येतात. त्यामुळे खेळाडू स्वतः संघ निवडत नाही. बोली त्याचा संघ ठरवते. २०२३ च्या लिलावात खेळाडूंचे चार गट होते. त्यांच्या मूळ किमती ३० लाख, २० लाख, १३ लाख व ९ लाख रुपये होत्या. प्रत्येक गटात चढाईपटू, बचावपटू व अष्टपैलू असे उपविभाग होते. प्रत्येक संघासाठी एकूण खर्चाची मर्यादा ५ कोटी रुपये होती. एका खेळाडूवर केलेला खर्च इतर स्थानांच्या वाट्यातून कमी होत असल्याने स्थाननिहाय विचार अपरिहार्य ठरतो.

स्थाने आणि निकष

कबड्डीत एका वेळी सात खेळाडू मैदानात असतात. बचावाच्या रचनेत दोन टोकांना डावा व उजवा कोपरारक्षक, त्यांच्या आतील बाजूस चढाईपटू किंवा अष्टपैलू आणि पुढे मध्यरक्षक उभे राहतात. स्थानानुसार निकष बदलतात.

चढाईपटू: एकूण गुणांपेक्षा प्रत्येक चढाईमागील गुण अधिक बोलका असतो. एखाद्याने २०० चढायांत १०० गुण मिळवले आणि दुसऱ्याने १२० चढायांत ७८, तर पहिल्याचे गुण जास्त दिसतात. मात्र सरासरी अनुक्रमे ०.५० व ०.६५ येते. दोन रिकाम्या चढायांनंतरच्या ‘करो या मरो’ चढाईतील यश, बोनस गुण घेण्याची हातोटी आणि बाद न होता परतण्याचे प्रमाणही पाहिले जाते. चढाईपटू बाद झाला की संघ त्याच्या पुढच्या चढायांनाही मुकतो.

कोपरारक्षक: घोटा पकड व मांडी पकड ही त्याची मुख्य शस्त्रे होत. त्याच्या यशस्वी पकडींबरोबर फसलेल्या पकडी मोजणे आवश्यक असते. शंभर प्रयत्नांत ५० पकडी यशस्वी झाल्या तर तक्त्यात ५० गुण दिसतात. पण फसलेल्या ५० प्रयत्नांत प्रतिस्पर्ध्याला किमान तितकेच गुण मिळालेले असू शकतात. तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना केलेल्या पकडीला दोन गुण मिळतात, म्हणून अडचणीच्या वेळची कामगिरी स्वतंत्रपणे पाहतात. यूपी योद्धाचा उजवा कोपरारक्षक नितेश कुमार याने २०१८ च्या हंगामात पकडींचे १०० गुण मिळवले. एका हंगामात हा टप्पा गाठणारा तो पहिला बचावपटू होता.

मध्यरक्षक: चढाईपटूला धडक देऊन मैदानाबाहेर ढकलणे, त्याची परतीची वाट अडवणे आणि कोपरारक्षकाच्या पकडीला साथ देणे हे त्याचे काम. गुण सहसा पहिल्या पकडणाऱ्याच्या नावावर जमा होतो. त्यामुळे आकडेवारीत सर्वांत कमी दिसणारे स्थान हेच असून त्याचे मूल्य ठरवण्यासाठी सामन्यांची चित्रफीत पाहावी लागते.

अष्टपैलू: चढाई व पकड या दोन्ही बाजूंनी उपयोगी असल्याने एका खेळाडूत दोन गरजा भागतात. मात्र दोन्ही बाजूंना मध्यम असलेला खेळाडू आणि एका बाजूला निष्णात असून दुसऱ्या बाजूला मदत करणारा खेळाडू यांत फरक केला जातो.

किंमत आणि यश

लीगच्या इतिहासात सर्वाधिक बोली बहुतांशी चढाईपटूंवर लागली. २०१८ साली मोनू गोयतला हरयाणा स्टीलर्सने १.५१ कोटी, २०२१ साली प्रदीप नरवालला यूपी योद्धाने १.६५ कोटी, तर २०२२ साली पवन सेहरावतला तमिळ थलायवाजने २.२६ कोटी रुपये दिले. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई याला २०१८ साली यू मुंबाने ३६.४ लाखांत घेतले होते. एका हंगामानंतर तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले.

मोठी बोली आणि संघाचे यश यांचा संबंध मात्र सरळ नाही. २०२२ च्या हंगामात सेहरावत पहिल्याच सामन्यात जायबंदी झाला, तरीही तरुण कोपरारक्षकांच्या जोरावर थलायवाज प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले. २०२३ साली टायटन्सने त्याच खेळाडूसाठी २.६०५ कोटी, म्हणजे खर्चमर्यादेच्या निम्म्याहून अधिक रक्कम मोजली. तो संघ २२ पैकी केवळ दोन सामने जिंकून तळाला राहिला. त्याच लिलावात इराणचा डावा कोपरारक्षक मोहम्मदरेझा शादलुई याला पुणेरी पलटणने २.३५ कोटींना घेतले आणि १ मार्च २०२४ रोजी हरयाणा स्टीलर्सला २८–२५ असे हरवून विजेतेपद मिळवले. पुढील हंगामात तो हरयाणाकडे गेला आणि हरयाणाने पाटणा पायरेट्सला नमवून पहिले विजेतेपद पटकावले.

यावरून ‘बचावपटू घेतला की चषक मिळतो’ असा नियम मात्र सांगता येत नाही. २०२५ साली गुजरात जायंट्सने शादलुईसाठी २.२३ कोटी मोजले, पण तो संघ पहिल्या आठांत आला नाही. चढाईपटूचे गुण ठळकपणे दिसतात, म्हणून त्यांची किंमत चटकन वाढते. सामना मात्र सातही स्थानांच्या मेळावर उभा असतो. कोपऱ्यांची जोडी एकमेकांना पूरक नसेल तर एका कोपऱ्यातील कौशल्य चढाईपटू दुसऱ्या बाजूने निष्प्रभ करतो.

आभासी कबड्डी

आभासी कबड्डीत सहभागी व्यक्ती ठरावीक गुणमर्यादेत सात खेळाडूंचा कागदी संघ निवडते. बचावपटू, अष्टपैलू व चढाईपटू यांच्या संख्येवर बंधने असतात. कर्णधाराचे गुण दुप्पट धरले जातात. येथे फक्त नोंदलेली कृती मोजली जाते. त्यामुळे साथ देणाऱ्या मध्यरक्षकाला कमी, तर वारंवार चढाई करणाऱ्याला अधिक मूल्य मिळते. आभासी संघासाठी उत्तम असलेला खेळाडू खऱ्या संघासाठी तितकाच उत्तम असेल असे नाही. केंद्र शासनाच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या अशा ऑनलाइन स्पर्धांवर बंदी घातली आहे.

नांदेड आणि लातूर

महाराष्ट्रातील यू मुंबा व पुणेरी पलटण हे लीगचे दोन्ही संघ मुंबई-पुण्याचे असून मराठवाड्याचा संघ नाही. नांदेड व लातूर हे जिल्हे शालेय क्रीडा स्पर्धांच्या लातूर विभागात येतात. १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातही हे दोन्ही जिल्हे आहेत. येथील खेळाडूला तालुका, जिल्हा व विभागीय स्पर्धा, आंतरविद्यापीठ सामने किंवा राज्य निवड चाचणी या पायऱ्यांनी वर जावे लागते. २०२३ च्या लिलावात खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धेच्या अंतिम फेरीतील दोन्ही संघांचे खेळाडू समाविष्ट केले होते, त्यामुळे विद्यापीठ संघातील स्थानाला नवे महत्त्व आले.

लिलावाबाहेर ‘नव युवा खेळाडू’ म्हणूनही संघात प्रवेश मिळतो. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार याच मार्गाने पुणेरी पलटणमध्ये आला आणि त्याच्याच नेतृत्वाखाली संघाने विजेतेपद मिळवले.

ग्रामीण भागातील अनेक सामने मातीच्या मैदानावर होतात, तर लीग मॅटवर खेळली जाते. मातीवर अनवाणी घोटा पकडणाऱ्या कोपरारक्षकाला मॅटवर बूट घालून तोल व वेळ पुन्हा साधावी लागते. शिवाय स्थानिक सामन्यांत फसलेल्या पकडींची किंवा रिकाम्या चढायांची तपशीलवार नोंद सहसा ठेवली जात नाही; गुणपत्रिकेवर संघाचे गुण व निकाल तेवढा उरतो. अशा परिस्थितीत चढाईपटूचे नाव सर्वतोमुखी होते, तर मध्यरक्षकाची कामगिरी निवडकर्त्याच्या डोळ्यांवरच अवलंबून राहते. प्रत्येक चढाईची साधी नोंदवही ठेवली तरी ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघू शकते.