राखणदार निजला म्हणजे

भाकरी दोन दिवस झाकून ठेवली की तिच्यावर बुरशी येते. बुरशीचे बीजाणू मातीत, हवेत, कडब्याच्या गंजीत सगळीकडे असतात. रोज ते श्वासाबरोबर आपल्या आत जातात. तरी सहसा बाधत नाहीत, कारण शरीराचा राखणदार जागा असतो. पण हा राखणदार मुद्दाम निजवावा लागला तर?

२३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरी डॉ. जोसेफ मरे यांनी एका माणसाचे मूत्रपिंड, म्हणजे किडनी, त्याच्या एकसारख्या जुळ्या भावाला बसवली. जुळ्याची म्हणून शरीराने ती परकी मानली नाही. पण असा जुळा भाऊ किती जणांना असणार? इतरांचे शरीर नवा अवयव झिडकारी. म्हणून १९६० नंतर प्रतिकारशक्ती मंद करणारी औषधे आली. अवयव तगू लागले. पण राखणदार निजला आणि एरवी निरुपद्रवी असणारी बुरशी फुफ्फुसात, कधी मेंदूतही शिरू लागली.

तिच्यावर अँफोटेरिसिन बी हे औषध होते. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजंतूपासून ते १९५०च्या दशकात मिळाले. बुरशीला ते मारी. पण किडनीलाही इजा करी! जिच्यासाठी एवढा खटाटोप, तीच धोक्यात. पुढे १९९०च्या दशकात हेच औषध स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म कुपीत घालून देऊ लागले, तेव्हा इजा कमी झाली.

गंमत अशी, की १९७८ मध्ये केंब्रिजला डॉ. रॉय काल्न यांनी रोग्यांना दिलेले सायक्लोस्पोरिन, म्हणजे राखणदाराला निजवणारे नामी औषध, नॉर्वेच्या मातीतल्या एका बुरशीतूनच निघाले होते!

आज डॉक्टर काय करतात? बाधित भागाचा तुकडा तपासून बुरशी ओळखतात, औषध सुरू करतात, कुजलेला भाग कापून काढतात आणि राखणदाराला थोडे जागे करतात. फार जागा केला तर अवयव जातो. निजू दिला तर रोगी जातो. शिवाय बुरशीवरील काही नव्या गोळ्यांनी रक्तातले सायक्लोस्पोरिन वाढते, म्हणून रक्त वरचेवर तपासावे लागते.

२०२१ साली करोनानंतर आपल्याकडे म्युकर पसरला, तेव्हा मधुमेह आणि स्टेरॉइड यांनी दुबळ्या झालेल्या रोग्यांवर हीच वेळ आली होती. तेव्हा तुमच्या गावात कोणी अवयव बदललेला असेल, तर त्याला बुरसटलेला कडबा उपसायला, शेणखत चाळायला लावू नका. ताप, खोकला, चेहऱ्यावर सूज दिसली, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता त्याला त्याच्या डॉक्टरांकडे न्या. आणि मनाने त्याची औषधे बंद करू नका.